प्रॉकमेलचा नियम देवनागरी विषयाला लागत नाही. सिव्हकडे वळावे का?

प्रश्न: अंकवाला

नमस्कार. आमच्या लहानशा मराठी त्रैमासिकाचे मेल आमच्याच डेबियन सर्व्हरवर येतात. पोस्टफिक्स मेल स्वीकारून प्रॉकमेलच्या हाती देतो, प्रॉकमेल नियमांच्या फाइलप्रमाणे तो निरनिराळ्या मेलडिर फोल्डरांत टाकतो आणि वाचण्यासाठी डव्हकॉट आहे. छापखाना, कुरिअर आणि बँक यांचे मेल पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ओळखणारे नियम बिनचूक चालतात. सर्व्हरवर मी केवळ एसएसएचने जातो. त्यामुळे जो काही उपाय असेल तो टर्मिनलमधूनच करता आला पाहिजे.

अडचण दिवाळी अंकाच्या साहित्याची आहे. विषयाच्या ओळीत ‘कविता’ हा शब्द असेल तर मेल कवितांच्या फोल्डरात जावा, ‘वर्गणी’ असेल तर हिशेबाच्या फोल्डरात जावा, असे नियम मी देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही रूपांत लिहिले आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सर्व लिप्या साठवणाऱ्या संकेतात, जतन केली. हे शब्द कोणी रोमन लिपीत लिहिले तर नियम लागतो, पण देवनागरीत लिहिले तर एकदाही लागत नाही. लॉग सविस्तर करून पाहिला, तर त्यात जुळणी झाली नाही एवढेच दिसते. मेलची मूळ फाइल उघडली तेव्हा विषयाच्या जागी बरोबरचे चिन्ह, प्रश्नचिन्ह, यूटीएफ-८ असा उल्लेख, मग ‘बी’ हे अक्षर आणि त्यापुढे निरर्थक वाटणाऱ्या रोमन अक्षरांची माळ आढळली. ती माळच नियमात लिहून पाहिल्यावर काही मेल पकडले गेले आणि काही सुटले. हा अर्धवट प्रकार मला सर्वांत जास्त गोंधळात टाकतो.

असे का होते, हे प्रॉकमेलमध्येच सुधारता येईल की सिव्ह या मेल चाळण्याच्या भाषेकडे वळणे बरे, आणि इनबॉक्समध्ये आधीच साचलेल्या मेलांना नवे नियम लावता येतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. एखाद्या लेखकाचे हस्तलिखित हरवणे आम्हांला परवडणार नाही, ही अट मात्र सर्वांत वरची आहे.

उत्तर १: कळफलक

आपल्याला दिसलेली माळ निरर्थक नाही; तो आपला ‘कविता’ शब्दच आहे, फक्त सांकेतिक वेषात. मेलच्या हेडरांत, म्हणजे विषय, पत्ता अशा वरच्या ओळींत, मुळात केवळ आस्की, म्हणजे साध्या इंग्रजी, अक्षरांनाच जागा होती. त्यामुळे इतर लिप्यांतील मजकूर कसा बसवायचा याची रीत १९९६ च्या आरएफसी २०४७ या इंटरनेटच्या प्रमाण-दस्तऐवजाने ठरवून दिली. तीत दोन प्रकार आहेत. ‘बी’ म्हणजे बेस-६४ आणि ‘क्यू’ म्हणजे आस्कीबाहेरचा प्रत्येक बाइट बरोबरचे चिन्ह आणि सोळा आधाराचे दोन अंक यांनी लिहिणारा प्रकार. देवनागरीसाठी बहुतेक मेल प्रोग्रॅम ‘बी’ निवडतात, कारण ‘क्यू’मध्ये एकेका अक्षरचिन्हाला नऊ रोमन चिन्हे लागतात. प्रॉकमेल हेडरमधील बाइट जसे आले तसे वाचतो आणि उलगडत नाही. म्हणून त्याच्या दृष्टीने त्या ओळीत ‘कविता’ नाहीच.

आता काही मेल का पकडले गेले ते पाहू. बेस-६४ तीन बाइटांचे चार चिन्हांत रूपांतर करते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे मात्रा, वेलांटी आणि अनुस्वारसुद्धा, नेमके तीन बाइटांचे असते. त्यामुळे विषय ‘कविता’ या शब्दानेच सुरू होत असेल तर त्याची पाच चिन्हे पंधरा बाइटांत आणि पुढे वीस रोमन अक्षरांत दर वेळी सारखीच उतरतात. परंतु मध्ये रिकामी जागा आली, की ती एकाच बाइटाची असल्यामुळे पुढची सगळी मांडणी एका घराने सरकते आणि ‘नवी कविता’ या विषयातील ‘कविता’ निराळीच दिसू लागते. दोन रिकाम्या जागांनंतर तिसरेच रूप मिळते, तीन झाल्या की पुन्हा पहिले. म्हणजे एका शब्दाची तीन रूपे झाली.

एवढ्यावरही भागत नाही. सांकेतिक शब्दाचा एक तुकडा पंचाहत्तर चिन्हांपेक्षा लांब असू नये असे हीच आरएफसी सांगते. सुरुवातीची आणि शेवटची मिळून बारा चिन्हे वजा केली आणि बेस-६४ चार-चारांच्या गटांत चालते हे धरले तर त्यासाठी साठ चिन्हे, म्हणजेच देवनागरीची जेमतेम पंधरा चिन्हे उरतात. ‘दिवाळी अंकासाठी कविता’ एवढा विषयसुद्धा एका तुकड्यात मावत नाही आणि तोडण्याची जागा शब्दाच्या मधोमध आली तर ‘कवि’ पहिल्या तुकड्यात आणि ‘ता’ दुसऱ्या तुकड्यात जातो. उत्तरादाखल आलेल्या मेलात ‘आरई’ ही खूण काही प्रोग्रॅम सांकेतिक भागाच्या बाहेर ठेवतात, काही आत घेतात, त्यानेही मांडणी सरकते. रूपे मोजून नियम लिहिण्याचा मार्ग म्हणूनच सोडून द्यावा. तो चालल्यासारखा दिसतो आणि तेच त्याचे वाईट आहे.

उत्तर २: जुना पाइप

प्रॉकमेलमध्ये राहूनही हे करता येते, हे प्रथम नोंदवतो. प्रॉकमेलबरोबर येणाऱ्या फॉरमेल या साधनाने विषयाची ओळ वेगळी काढावी, दुमडलेल्या ओळी एकत्र जोडून घ्याव्यात आणि मग ती पर्ल या भाषेच्या एन्कोड या मॉड्यूलमधून उलगडून यूटीएफ-८ मध्ये एका चलात साठवावी. त्यानंतर नियमाच्या अटीत चलाचे नाव आणि दोन प्रश्नचिन्हे लिहिली, की प्रॉकमेल हेडरऐवजी त्या चलात शब्द शोधतो. हे सर्व नियमांच्या फाइलमध्ये एकदाच वर लिहिले म्हणजे खालच्या प्रत्येक नियमाला वापरता येते. प्रत्येक मेलमागे पर्लची एक प्रक्रिया सुरू होईल, परंतु त्रैमासिकाच्या टपालासाठी तो भार नगण्य आहे.

यात दोन काटे आहेत. प्रॉकमेलची नमुना-जुळणी बाइटांवर चालते. त्यामुळे चौकटी कंसात ‘ि’ आणि ‘ी’ असे पर्याय देऊन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पकडायला जाल तर तो कंस प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट सुटे-सुटे समजेल. पर्याय द्यायचेच असतील तर गोल कंसात उभी रेघ घालून पूर्ण शब्द द्यावेत. दुसरा काटा फोल्डरच्या नावाचा. डव्हकॉट २.३ डिस्कवरील मेलडिरची नावे सहसा आयमॅपच्या, म्हणजे सर्व्हरवरील मेल वाचण्याच्या पद्धतीच्या, बदललेल्या यूटीएफ-७ या संकेतात अपेक्षितो, आणि प्रॉकमेल मात्र आपण लिहिलेले नाव तसेच डिरेक्टरीला देतो. त्यामुळे फोल्डरला देवनागरी नाव दिल्यास मेल पोहोचतो, पण वाचकाला ते फोल्डर नीट दिसत नाही.

तरीही आपण विचारले आहे म्हणून माझे मत सांगतो: नवे काम प्रॉकमेलवर चढवू नये. हा प्रोग्रॅम मी आवडीने वापरला आहे. दोन-तीन ओळींचा नियम, वर शून्य, मध्ये ताराखूण घातलेली अट आणि खाली ठिकाण, ही त्याची मांडणी एकदा डोळ्यांत बसली की सुंदर वाटते. परंतु २००१ च्या ३.२२ या आवृत्तीनंतर तो दीर्घकाळ जवळपास गोठलेला होता. त्याची देखभाल केलेले फिलिप गेंथर यांनीच २०१४ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींना तो काढून टाकण्याचा सल्ला दिला आणि त्याच वर्षी फॉरमेलमधील स्मृतीच्या मर्यादेबाहेर लिहिण्याचा दोष सुरक्षादोषांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१४-३६१८ या क्रमांकाने नोंदला गेला. पुढे मूळ लेखक स्टीफन व्हान डेन बर्ग यांनी तो पुन्हा हाती घेतला आणि २०२२ मध्ये ३.२४ आवृत्ती आली, म्हणजे तो मेला असे म्हणणेही खरे नाही. पण बाहेरून येणारा प्रत्येक मेल, कोणीही पाठवलेला, ज्या प्रोग्रॅममधून जातो तो अधिक सावध रचनेचा असावा, असे मला वाटते.

उत्तर ३: चाळणी

वरील मताशी सहमत. आपल्याकडे डव्हकॉट आधीच आहे, त्यामुळे सिव्हकडे जाणे कठीण नाही. सिव्ह ही मेल चाळण्यासाठीच केलेली भाषा आहे. तिचे पहिले प्रमाण २००१ च्या आरएफसी ३०२८ मध्ये आणि सध्याचे २००८ च्या आरएफसी ५२२८ मध्ये आहे. तिच्यात आवर्तने मुद्दाम ठेवलेली नाहीत आणि मूळ भाषेला बाहेरचे प्रोग्रॅम चालवता येत नाहीत, म्हणून वापरकर्त्याने लिहिलेली स्क्रिप्ट सर्व्हर निर्धास्तपणे चालवू शकतो. आपल्या प्रश्नापुरती महत्त्वाची गोष्ट अशी, की सिव्ह हेडर आधी उलगडते, यूटीएफ-८ मध्ये आणते आणि मगच तुलना करते. स्क्रिप्टही यूटीएफ-८ मध्येच असते. म्हणजे विषयात ‘कविता’ असेल तर अमुक फोल्डरात टाका, हे वाक्य देवनागरीतच लिहायचे आणि फोल्डरचे नावही देवनागरीतच द्यायचे. आयमॅपच्या यूटीएफ-७ ची काळजी डव्हकॉट घेतो.

डेबियनवर डव्हकॉटचे सिव्ह आणि एलएमटीपी (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडे मेल सोपवण्याची पद्धत) असे दोन्ही पॅकेज बसवा. एलएमटीपीच्या विभागात सिव्हचे प्लगिन चालू करा आणि पोस्टफिक्सच्या ‘मेलबॉक्स ट्रान्सपोर्ट’ या सेटिंगमध्ये डव्हकॉटच्या एलएमटीपी सॉकेटचा पत्ता द्या. हे सेटिंग ‘मेलबॉक्स कमांड’वर मात करते, त्यामुळे तिथे प्रॉकमेल लिहिलेला असला तरी अडत नाही, पण वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत फॉरवर्डची, म्हणजे मेल पुढे कुठे द्यायचा हे सांगणारी, फाइल असेल आणि तिच्यात प्रॉकमेल असेल तर तीच आधी चालते, म्हणून ती बाजूला करायला विसरू नये. शिवाय एलएमटीपीकडे पूर्ण पत्ता जातो आणि सर्व्हरवरील वापरकर्त्याचे नाव मात्र ‘अॅट’च्या आधीच्या भागापुरते असते, डव्हकॉटला तो भागच घ्यायला सांगितले नाही तर वापरकर्ता सापडत नाही अशी तक्रार लॉगमध्ये दिसेल. डेबियन १३ मध्ये डव्हकॉट २.४ आहे आणि त्याच्या सेटिंगांची मांडणी २.३ शी जुळत नाही. जालावरील बहुतेक लेख २.३ चे आहेत, तेव्हा नक्कल करण्यापूर्वी आपली आवृत्ती पाहावी.

जुने नियम सिव्हमध्ये उतरवताना एक फरक हमखास चकवतो. प्रॉकमेलमध्ये मेल एखाद्या फोल्डरात टाकणारा नियम लागला, की मेलचे काम तिथेच संपते, वेगळी प्रत काढायला सांगितली असेल तरच पुढचे नियम पाहिले जातात. सिव्हमध्ये फोल्डरात टाकणे ही केवळ एक कृती आहे आणि स्क्रिप्ट पुढे चालूच राहते. पाच सुटे ‘इफ’ लिहिले आणि मेल त्यांपैकी दोघांना जुळला तर तो दोन्ही फोल्डरांत पडेल. ते नको असेल तर ‘एल्सिफ’ची (‘नाहीतर जर’ची) साखळी लिहावी किंवा कृतीनंतर ‘स्टॉप’ लिहावे.

हस्तलिखित हरवण्याच्या भीतीवर सिव्हचे उत्तर चांगले आहे. कोणताच नियम लागला नाही तर मेल आपोआप इनबॉक्समध्ये राहतो आणि चालता चालता स्क्रिप्ट अडखळली तरीही मेल इनबॉक्समध्येच जातो. झालेल्या चुकीची नोंद स्क्रिप्टच्या नावापुढे ‘लॉग’ जोडलेल्या फाइलमध्ये मिळते. ‘डिस्कार्ड’ ही मेल फेकून देणारी कृती मात्र आपल्या स्क्रिप्टमध्ये नसावीच. नकोसा मेलसुद्धा फोल्डरातच टाकावा आणि माणसाने पाहून पुसावा.

आता साचलेल्या मेलांविषयी. टर्मिनलसाठी तीन साधने मिळतात. ‘सिव्हसी’ स्क्रिप्ट संकलित करून व्याकरणाच्या चुका दाखवते. ‘सिव्ह-टेस्ट’ला स्क्रिप्ट आणि एका मेलची फाइल दिली, की त्या मेलचे काय झाले असते ते ती छापते आणि प्रत्यक्षात काहीच करत नाही. ‘सिव्ह-फिल्टर’ पूर्ण फोल्डरावर स्क्रिप्ट चालवते. ‘ई’ हा पर्याय दिल्याशिवाय तीही फक्त काय होईल तेवढेच सांगते आणि मूळ फोल्डरातून मेल हलवायचे असतील तर वरून मोठ्या ‘डब्ल्यू’ची परवानगी लागते. दोन्ही देण्यापूर्वी मेलडिरची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवावी. मेलडिरमध्ये प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असल्यामुळे आरसिंक या प्रती काढण्याच्या साध्या साधनाने हे काम होते.

उत्तर ४: काना मात्रा

साधनाचा निर्णय योग्य दिशेने चालला आहे. पण विषयाच्या ओळीवर इतकी भिस्त ठेवावी का, हे विचारावेसे वाटते. एका नियतकालिकाचे टपाल पाहण्याचे काम माझ्याकडेही आहे आणि लेखक विषयात काय लिहितील याचा भरवसा नसतो. कोणी ‘कवीता’ लिहितो, कोणी ‘काव्य’, कोणी केवळ ‘सप्रेम नमस्कार’, आणि बरेच जण विषय रिकामा ठेवून फाइल तेवढी जोडतात.

शिवाय शुद्ध लिहिलेला शब्दही दोन प्रकारचा असू शकतो. ‘कादंबऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (यूनिकोड ०९३१) आणि हलन्त यांनी लिहितात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक (यूनिकोड २००डी) घालून लिहितात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण बाइट निराळे असतात आणि सिव्हची तुलना बाइटांवरच ठरते. ‘ऱ’ची रूपे एकसारखी करणारी यूनिकोडची प्रमाणीकरणाची रीत ‘ऱ’ आणि नुक्त्याचा ‘र’ यांना एक मानते, जोडकाच्या रूपाला मात्र हात लावत नाही. ‘कादंबऱ्यांचे परीक्षण’ शोधायचे असेल तर नियमात दोन्ही रूपे द्यावीत किंवा ‘कादंब’ एवढ्यावरच थांबावे. दुसरे मला अधिक पसंत आहे; मराठीत प्रत्यय लागून शब्दाचा शेवट बदलतो, त्यामुळे शोधासाठी शब्दाचा न बदलणारा पुढचा भागच घेणे शहाणपणाचे. ‘वर्गणी’ऐवजी ‘वर्गण’ लिहिले की ‘वर्गण्या’ही सापडतात आणि ‘वर्गणि’ही.

यापेक्षा खात्रीचा मार्ग पत्त्याचा आहे. पोस्टफिक्समध्ये ‘रेसिपियंट डिलिमिटर’ या सेटिंगला अधिकचे चिन्ह दिले, की आपल्या पत्त्यात ‘अॅट’च्या आधी अधिक चिन्ह आणि एक शब्द जोडून हवे तितके उपपत्ते तयार होतात, त्यासाठी नवी खाती लागत नाहीत. आवाहनात कवितांसाठी एक, कथांसाठी दुसरा आणि वर्गणीसाठी तिसरा उपपत्ता छापावा. सिव्हमध्ये ‘सबॲड्रेस’ या विस्ताराने, म्हणजे आरएफसी ५२३३ ने, तो जोडशब्द वेगळा वाचता येतो. डव्हकॉटलाही हेच चिन्ह विभाजक म्हणून माहीत असले पाहिजे. शब्द हेडरमधील ‘टू’मधून न वाचता पाकिटावरील, म्हणजे पोहोचवताना सर्व्हरला प्रत्यक्ष दिलेल्या, पत्त्यातून वाचावा, म्हणजे कोणी आपल्याला ‘बीसीसी’मध्ये घातले तरी नियम लागतो. काही संकेतस्थळांवरील अर्ज अधिक चिन्हाचा पत्ता नाकारतात, ही अडचण खरी आहे. पोस्टफिक्स २.११ पासून एकापेक्षा अधिक विभाजक चालतात, तेव्हा जोडरेघही चालू ठेवता येईल.

पत्ता हा मुख्य निकष आणि विषय हा दुय्यम, अशी साखळी मी लावेन. एक इशारा मात्र द्यायला हवा: पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर चालणारे आपले बँकेचे नियम तूर्त सोयीसाठी ठीक आहेत, पण ‘फ्रॉम’ हे हेडर कोणीही काहीही लिहू शकतो. त्या फोल्डरात पडलेला मेल बँकेचाच आहे असे कार्यालयातील कोणी समजू नये. आपल्याच सर्व्हरने लिहिलेल्या ‘ऑथेंटिकेशन रिझल्ट्स’ या हेडरात बँकेच्याच डोमेनसाठी डीकिमची, म्हणजे मेलवरील डिजिटल सहीची, तपासणी उत्तीर्ण झाल्याचे दिसते का, ही अट त्या नियमाला जोडावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: अंकवाला

सर्वांचा आभारी आहे. सिव्ह बसवले. ‘सिव्ह-टेस्ट’ला आधी सुटलेले मेल एकेक करून दिले असता ‘नवी कविता’ आणि ‘दिवाळी अंकासाठी कविता’ हे दोन्ही विषय योग्य फोल्डराकडे जाताना दिसले. ‘एल्सिफ’च्या साखळीत उपपत्ते वर आणि विषयांचे शब्द खाली ठेवले आहेत. फॉरवर्डची फाइल खरोखरच होती, ती काढेपर्यंत नवीन मेल प्रॉकमेलकडेच जात होते. साचलेल्या इनबॉक्सवर ‘सिव्ह-फिल्टर’ अद्याप नुसत्या चाचणीच्या रूपातच चालवले आहे; तिच्या यादीत ‘कथा’ हा नियम ‘व्यथा-कथा’ नावाच्या एका वाचकपत्रालाही लागल्याचे दिसले, तेव्हा तो शब्द विषयातून काढून केवळ उपपत्त्यावर सोपवला.

एक उपप्रश्न आहे. आमच्या सहसंपादकांचा मेल जीमेलवर आहे आणि त्यांनाही टर्मिनलमधूनच अशी वर्गवारी हवी आहे. तिथे सिव्ह चालेल का?

उत्तर ५: चाळणी

जीमेल सिव्ह स्वीकारत नाही, त्यामुळे ही स्क्रिप्ट तिथे चढवता येणार नाही. त्यांच्यासाठी आयमॅपफिल्टर हे साधन पाहावे. ते त्यांच्याच संगणकावर चालते, आयमॅपने खात्यात शिरते आणि नियम लुआ भाषेत लिहिले जातात. शोध सर्व्हरच करतो, त्यामुळे विषय उलगडण्याचे काम आपल्याकडे येत नाही. फक्त शोधशब्द यूटीएफ-८ मध्ये आहेत हे ‘कॅरसेट’ या पर्यायात सांगावे लागते. शोधाचे निकाल संच म्हणून हाताशी येतात आणि गुणिले म्हणजे ‘आणि’, अधिक म्हणजे ‘किंवा’, वजा म्हणजे ‘वगळून’ अशी त्यांची जुळणी करता येते, जी मला सिव्हपेक्षाही वाचायला सोपी वाटते. काहीही न हलवता नुसते पाहण्यासाठी ‘एन’ हा पर्याय आहे.

खात्यावर दुहेरी पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागेल आणि तो नियमांच्या फाइलमध्ये उघडा लिहू नये; ‘पास’सारख्या पासवर्ड जपणाऱ्या साधनातून वाचून घ्यावा. आयमॅपमधून दिसणारी जीमेलची फोल्डरे म्हणजे लेबले असतात, त्यामुळे एकच मेल ‘ऑल मेल’मध्येही दिसेल, ती दुसरी प्रत समजून सहसंपादकांनी पुसू नये, नाहीतर मूळ मेलच जाईल.